सातभाई : एका पक्षिकुलाची वाटणी
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात वर्गीकरणाचा विचार)

प्रस्तावना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कोणत्याही गावाच्या शिवारात सातभाई हा पक्षी अनोळखी नाही. मातकट रंगाचे सात-आठ पक्षी बांधावरच्या बाभळीखाली एकत्र उड्या मारीत पाचोळा उलथत असतात. एकाने आवाज दिला की बाकीचे सारे गलका करतात. मांजर, साप किंवा शिक्रा दिसला तर हा गलका इतका वाढतो की घरातली माणसेही बाहेर डोकावतात. थव्यात नेमके सातच पक्षी असतात असे नाही. पाचही असतात आणि पंधराही. तरीही मराठीने त्यांना 'सातभाई' म्हटले आणि हिंदीनेही जवळजवळ हेच नाव दिले. पक्ष्यांच्या एकत्र कुटुंबाची नोंद लोकभाषेने शास्त्राच्या आधीच करून ठेवली होती.

प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र सातभाई एकटे येत नाहीत. इंग्रजीत ज्यांना 'बॅबलर' म्हणतात अशा शेकडो उष्ण कटिबंधीय वनपक्ष्यांचे 'टिमॅलिइडी' हे एक अवाढव्य कुल मानले जात असे आणि आपला सातभाई हा त्या कुलाचा भारतातील ठळक प्रतिनिधी समजला जाई. गेल्या पंचवीस वर्षांत हे कुल मोडले. मोडले म्हणण्यापेक्षा ते मुळात एक कुल नव्हतेच, असे सिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या वाटणीची कारणे, तिचा इतिहास आणि आपल्या दोन जिल्ह्यांतील पक्ष्यांच्या नोंदींवर होणारा तिचा परिणाम यांचा विचार केला आहे. प्राणिशास्त्र हा विषय नसलेल्या प्राध्यापक-वाचकांनाही विवेचन समजावे या हेतूने परिभाषा शक्य तितकी मर्यादित ठेवली आहे.

'कुल' या संकल्पनेविषयी

मराठी प्राणिशास्त्रीय लेखनात गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी उतरंड रूढ आहे. अनेक जाती मिळून प्रजाती, अनेक प्रजाती मिळून कुल आणि अनेक कुले मिळून गण होतो. (वृत्तपत्रांतून 'प्रजाती' हा शब्द सर्रास 'जाती' या अर्थाने वापरला जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात होणारा गोंधळ निस्तरण्यात वर्गातील पहिले दोन तास जातात.)

'कुल' हा शब्द आपल्याला परका नाही. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तान्त छापून घेतले आहेत. त्यांत एक मूळ पुरुष असतो आणि त्याच्या शाखा-उपशाखा दाखविलेल्या असतात. कुलवृत्तान्ताचा नियम साधा आहे. मूळ पुरुषाचे सर्व वंशज आत घ्यावयाचे आणि त्याचा वंशज नसलेला कोणीही आत घ्यावयाचा नाही. आधुनिक वर्गीकरणशास्त्राची अट तंतोतंत हीच आहे. अशा गटास एकवंशी गट म्हणतात.

आता कुलवृत्तान्ताऐवजी आडनावांवरून कुळे ठरविली तर काय होईल? सातारा जिल्ह्यात पाटील आडनावाची हजारो घरे आहेत, सांगलीतही आहेत. परंतु पाटील हे मुळात गावकीतील एका अधिकारपदाचे नाव. दोन गावांतील दोन पाटलांचे काम एक होते, म्हणून आडनाव एक झाले. रक्त एक असेलच असे नाही. 'बॅबलर' पक्ष्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. आखूड गोलाकार पंख, दणकट पाय, सैलसर मऊ पिसे, बेताचे उड्डाण, झुडपांत व जमिनीवर किडे शोधण्याची सवय, स्थलांतराचा अभाव आणि पिलांच्या अंगावर ठिपके नसणे, अशा लक्षणांवरून हे पक्षी एकत्र केले गेले. यांतील बहुतेक लक्षणे दाट झाडोऱ्यात राहण्याच्या व्यवसायाची आहेत. झुडपांतून वावरणाऱ्या पक्ष्याला लांब टोकदार पंखांचा उपयोग नसतो. तेव्हा निरनिराळ्या वंशांचे पक्षी एकाच व्यवसायात शिरले की त्यांची अंगलट सारखी होत जाते. या प्रक्रियेला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

जावा, दख्खन आणि मालकमपेठ

टिमॅलिइडी या नावाचा उगम जावा बेटावरचा. डॉ. टॉमस हॉर्सफील्ड यांनी १८२१ मध्ये जावातील पक्ष्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी 'टिमॅलिया' आणि 'पोमॅटोऱ्हिनस' या दोन प्रजाती नव्याने मांडल्या. पुढे १८२७ मध्ये व्हिगर्स आणि हॉर्सफील्ड यांनी टिमॅलियाच्या नावावरून कुलाचे नाव ठरविले. टिमॅलियाचा मूळ पक्षी तांबूस टोपीचा आहे. तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत गवताळ भागात राहतो आणि महाराष्ट्रात मुळीच आढळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कुल मोडले तर जुने नाव ज्या शाखेत मूळ प्रजाती असेल तिच्याकडेच राहते.

दख्खनमधील पक्ष्यांचा पहिला मोठा शास्त्रीय आढावा कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमणूक केली होती. माणसांची, पिकांची व गुरांची मोजदाद करीत असताना या गृहस्थांनी पक्षीही जमविले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची सूची मांडली. या सूचीतील तीन नावे आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिले नाव 'टिमॅलिया मालकोमी'. हा आपल्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतील मोठा राखी सातभाई. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांच्या नावावरून हे नाव ठेवले गेले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ मध्ये करार करून महाबळेश्वरला ज्यांनी आरोग्यस्थान वसविले आणि ज्यांच्या नावाने तेथील वस्ती मालकमपेठ म्हणून ओळखली गेली, तेच हे मालकम. गंमत अशी की मालकमपेठेच्या पावसात हा पक्षी सहसा दिसत नाही. त्याचे राज्य माण, खटाव, आटपाडी आणि जत या बाजूला आहे.

दुसरे नाव 'टिमॅलिया सॉमरव्हिलाय'. हा आज रान सातभाईचा पश्चिम किनारा व घाट भागातील एक उपप्रकार मानला जातो. तिसरे नाव 'पोमॅटोऱ्हिनस हॉर्सफील्डी'. कोयत्यासारखी वाकडी पिवळी चोच, पांढरी भुवई व पांढरी छाती असा हा घाटातील सुंदर पक्षी. हॉर्सफील्ड यांनी निर्माण केलेल्या प्रजातीत हॉर्सफील्ड यांचेच नाव मिळालेला हा पक्षी आजही त्याच नावाने ओळखला जातो.

दख्खनमधील सातभाईंवर जावातील टिमॅलियाचे नाव प्रथम कोणी लावले याचा शोध घेतला तर तो साइक्स यांच्या या सूचीपर्यंत येतो. साइक्स यांना दोष देण्याचे कारण नाही. हाती कातडी, चोच आणि पंख एवढाच पुरावा असताना याहून वेगळे करता येणे कठीण होते.

अडगळीची खोली

वाड्यात एक अडगळीची खोली असते. जी वस्तू कोठे ठेवावी हे सुचत नाही ती तेथे जाते आणि काही वर्षांनी त्या खोलीतील वस्तू एकमेकींशी संबंधित आहेत असे वाटू लागते. टिमॅलिइडीचे असेच झाले. यूजीन ओट्स यांनी १८८९ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसूचीत सातभाईंबरोबर बुलबुलांनाही एकाच कुलात घातले होते. कुलाचे नावही तेव्हा वेगळे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन पक्षिशास्त्रज्ञांमध्ये तर अशी थट्टा रूढ होती की ज्याची कोठेच सोय लागत नाही त्याला टिमॅलिया समजावे. मादागास्करचे काही पक्षी, ऑस्ट्रेलियाचे थव्याने राहणारे काही पक्षी आणि हिमालयातील खाटकासारख्या चोचीचे काही पक्षी, असे सारे या खोलीत जमा झाले. त्या सर्वांचे आप्त दुसरीकडेच आहेत हे आता ठरले आहे.

फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ झाँ देलाकूर यांनी १९४६ मध्ये या पसाऱ्याची पुनर्रचना केली. ती पुष्कळ वर्षे प्रमाण मानली गेली. देलाकूर यांचे निरीक्षण सूक्ष्म होते, परंतु कसोटी बाह्यरूपाचीच राहिली.

भारतीय महाविद्यालयांवर खरा प्रभाव पडला तो डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या ग्रंथाचा (१९६८-१९७४). या ग्रंथात सातभाई व त्यांचे मानलेले सोयरे हे स्वतंत्र कुल नाहीत. माशीमार, वटवटे आणि कस्तुर यांच्यासह 'मस्किकॅपिडी' नावाच्या महाकुलातील ते एक उपकुल आहे. आपल्याकडील कित्येक जुन्या प्रबंधांत, स्थानिक पक्षिसूचींत आणि संग्रहालयातील चिठ्ठ्यांवर सातभाईपुढे 'मस्किकॅपिडी' लिहिलेले आढळते, त्याचे मूळ येथे आहे. त्या काळाच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

जनुकीय पुरावा

वंशाचा थेट पुरावा मिळू लागला तो डीएनएच्या अभ्यासातून. सिबली आणि आलक्विस्ट यांनी १९९० मध्ये पक्ष्यांच्या वंशावळीवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन जातींच्या डीएनएचे धागे एकमेकांशी जोडावयाचे आणि ते किती तापमानाला सुटतात ते मोजावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. नाते जितके जवळचे तितकी जोड घट्ट. या पद्धतीने बॅबलर व काही वटवटे यांची जवळीक दिसून आली. पद्धत ठोकळ होती, तरी दिशा योग्य निघाली.

त्यानंतर डीएनएमधील अक्षरांचा क्रम प्रत्यक्ष वाचता येऊ लागला. ॲलिस सिब्वा यांनी २००३ मध्ये पेशीतील तंतुकणिकांच्या डीएनएवर आधारित वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यात दोन धक्कादायक गोष्टी होत्या. एक म्हणजे युरोपात अत्यंत परिचित असलेले 'सिल्व्हिया' प्रजातीचे वटवटे बॅबलरांच्या फांद्यांमध्येच बसत होते. दुसरी म्हणजे ज्यांचे स्वतंत्र कुल असण्याविषयी कोणालाच शंका नव्हती ते चष्मेवालेही त्याच झाडावर होते. एवढासा हिरवा-पिवळा, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला, फुलांतील मधावर येणारा चष्मेवाला आणि उकिरड्यावर पाचोळा उलथणारा सातभाई हे एका मूळ पुरुषाचे वंशज आहेत, हे केवळ रूप पाहून कोणी मान्य केले नसते.

२००९ मध्ये युरोपीय अभ्यासकांच्या एका गटाने अधिक जनुकांच्या आधारे मुख्य शाखा निश्चित केल्या. २०१९ मध्ये त्साय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील बहुतेक सर्व संबंधित जातींचा वंशवृक्ष मांडून सात कुले सुचविली. त्यांतील एक, 'ॲल्सिपिइडी', पूर्णतः नवे होते. आज प्रमुख जागतिक पक्षिसूची मोठ्या प्रमाणात हीच मांडणी वापरतात.

येथे एक सूक्ष्म भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. वंशवृक्षाच्या फांद्या या निसर्गातील वस्तुस्थिती आहेत; त्या पुराव्याने सिद्ध किंवा असिद्ध होतात. परंतु एखाद्या फांदीला 'कुल' म्हणावे की 'उपकुल' हा संकेताचा प्रश्न आहे. २००९ च्या मांडणीत ज्या शाखा उपकुले होत्या त्यांतील काही २०१९ मध्ये कुले झाल्या, याचा अर्थ मधल्या दहा वर्षांत पक्षी एकमेकांपासून दूर गेले असा नव्हे. उद्या एखाद्या समितीने सातही शाखांना पुन्हा एका कुलाखाली घेतले तरी ते शास्त्राविरुद्ध होणार नाही. अट एवढीच की चष्मेवाले आणि ते वटवटे यांनाही त्याच कुलात घ्यावे लागेल. जुने टिमॅलिइडी चुकीचे होते ते फार मोठे होते म्हणून नव्हे. त्यात घरचे काही बाहेर राहिले होते आणि बाहेरचे काही घरात आले होते.

सात कुले, दोन जिल्हे

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या भागात तो पाचशेच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत सदाहरित जंगल, पानझडी वने, गवताळ माळ आणि काटेरी झुडुपे यांचा असा पट उलगडत जातो. या पटामुळेच सातही कुलांचे प्रतिनिधी आपल्या दोन जिल्ह्यांत मिळतात. महाराष्ट्राबाहेर न जाता विद्यार्थ्यांना हा संपूर्ण वंशवृक्ष दाखविता येतो, ही अध्यापनाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

खरे सातभाई आज 'लायोथ्रिकिडी' या कुलात आहेत. आपल्याकडे त्यांच्या तीन जाती ठळकपणे दिसतात. रान सातभाई झाडी, बागा व गावकुसाजवळ राहतो. मोठा राखी सातभाई उघड्या कोरड्या प्रदेशात राहतो. उडताना त्याच्या शेपटीच्या कडांची पांढरी पिसे दिसतात. तिसरा सडपातळ, लांब शेपटीचा व अंगावर बारीक रेघा असलेला, काटेरी झुडपांचा रहिवासी. या तिघांची प्रजाती पूर्वी 'टर्डॉइडिस' होती. २०१८ मधील पुनर्रचनेत आशियातील या जातींसाठी 'अर्ग्या' हे एकोणिसाव्या शतकातील नाव पुन्हा प्रचारात आणले गेले. म्हणून रान सातभाईचे आजचे शास्त्रीय नाव 'अर्ग्या स्ट्रायाटा'. त्यांचे जवळचे आप्त म्हणजे हिमालयातील आणि निलगिरी-पळणीच्या उंच डोंगरांवरील हसऱ्या आवाजाचे, दाट झाडीत राहणारे पक्षी. ते आपल्या डोंगरांत नाहीत.

'टिमॅलिइडी' हे जुने नाव आता एका लहान कुलाकडे राहिले आहे. आपल्याकडे त्याचे दोन प्रतिनिधी आहेत. साइक्स यांचा वाकड्या चोचीचा पोमॅटोऱ्हिनस कोयना, चांदोली व महाबळेश्वरच्या जंगलात, विशेषतः बांबू व दाट झुडपांच्या भागात राहतो. तो दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. नराच्या घुमणाऱ्या आवाजाला मादी इतक्या तत्परतेने उत्तर देते की ऐकणाऱ्यास एकच पक्षी बोलतो आहे असे वाटते. दुसरा 'ड्युमेशिया हायपरिथ्रा', तांबूस पोटाचा चिमणीएवढा पक्षी. उंच गवत मिसळलेल्या झुडपांत तो लहान थव्याने फिरतो.

'पेलॉर्निइडी' कुलातील 'पेलॉर्नियम रुफिसेप्स' हा घाटातील जंगलाच्या जमिनीवरचा पक्षी. डोके तांबूस, गळा पांढरा, छातीवर गडद रेघा. पाचोळ्यातून तो उंदरासारखा चालत जातो आणि पहाटे मोकळी, गोड शीळ घालतो.

'ॲल्सिपिइडी' या नव्या कुलाची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. 'ॲल्सिपी' ही प्रजाती म्हणजे अडगळीच्या खोलीतील आणखी एक गाठोडे होते. हिमालय, चीन व आग्नेय आशियातील अनेक लहान करड्या-तपकिरी पक्ष्यांना एकत्र करून ती तयार झाली होती. जनुकीय तपासणीत हे पक्षी चार निरनिराळ्या ठिकाणी विखुरले गेले. मग ॲल्सिपी हे नाव कोणाकडे राहावयाचे? नियमाप्रमाणे ते मूळ जातीकडे राहिले आणि ती मूळ जाती म्हणजे 'ॲल्सिपी पोयोइसेफाला'. राखी डोके, तपकिरी पाठ, अंगावर एकही ठळक खूण नाही, असा हा पक्षी कोयना-चांदोलीच्या जंगलात मधल्या उंचीवर, अनेक जातींच्या मिश्र थव्यांमध्ये सतत असतो. त्याच्या सावधगिरीच्या आवाजावर इतर पक्षी विसंबतात. जगभरच्या सूचींत २०१९ नंतर दाखल झालेल्या कुलाचे नाव ज्या पक्ष्यावरून पडले, तो आपल्या पाटण व शिराळा तालुक्यांच्या डोंगरांत राहतो. आपल्या विद्यार्थ्यांना हे बहुधा माहीत नसते.

पाचवे कुल 'पॅराडॉक्सॉर्निथिडी'. येथे आपला प्रतिनिधी 'क्रायसोमा सायनेन्स', पिवळ्या डोळ्याचा व डोळ्याभोवती नारिंगी कडे असलेला, पांढऱ्या छातीचा पक्षी. माळावरील गवत व झुडपे हे त्याचे घर. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे वन धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर माणसांनी उभे केले आणि १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील गवताळ उतार या पक्ष्याला शोधण्यासाठी उत्तम. याला १७८९ मध्ये ग्मेलिन यांनी वल्गुली पक्ष्यांच्या 'पॅरस' प्रजातीत घातले होते आणि 'चीनचा' असे विशेषण दिले होते. आता त्याचे आप्त निघाले ते मुख्यतः चीन व हिमालयातील बांबूच्या बनांत राहणारे, पोपटासारख्या जाड चोचीचे पक्षी. कॅलिफोर्नियाच्या झुडपांतील एक एकांडा पक्षीही याच घराण्यातला आहे.

सहावे 'झोस्टेरॉपिडी', म्हणजे चष्मेवाला. घाटमाथ्यापासून सांगलीच्या बागांपर्यंत तो सर्वत्र आढळतो. सातवे 'सिल्व्हिइडी'. हिवाळ्यात आटपाडी-जतच्या बाभुळबनांत उत्तरेकडून येणारा पांढऱ्या गळ्याचा छोटा वटवट्या या कुलातील. सातांपैकी दूरवर स्थलांतर करणारा आपल्याकडील पाहुणा तेवढा हाच.

घरट्यांची साक्ष

डीएनएच्या निष्कर्षांकडे काही ज्येष्ठ अभ्यासक अजूनही संशयाने पाहतात. डोळ्यांना दिसत नाही ते का मानावे, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यावर घरटी हे चांगले उत्तर आहे. सातभाईचे घरटे झाडाच्या दुबेळक्यात, वरून उघडे, वाटीसारखे असते आणि अंडी डागविरहित, निळीशार. पेलॉर्नियम जमिनीवर छताचे, बाजूने दार असलेले घरटे करतो. पोमॅटोऱ्हिनसचे घरटेही छताचे असते. ड्युमेशिया गवत-पानांचा गोळाच बांधतो. क्रायसोमाचे खोल वाटीसारखे घरटे बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेले असते. चष्मेवाल्याचे घरटे फांदीच्या बेचक्यात टांगलेल्या पाळण्यासारखे. हे सर्व तपशील शंभर वर्षांपूर्वीच नोंदले गेले होते. वर्गीकरणात मात्र त्यांना चोच व पंखांइतके वजन दिले गेले नाही.

सातभाईच्या उघड्या घरट्याचा लाभ घेणारेही आहेत. 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याला साद घालणारा पावशा आणि पावसाची वाट पाहणारा म्हणून प्रसिद्ध असलेला चातक, हे दोघेही आपली निळी अंडी सातभाईंच्या घरट्यांत घालतात. मृगाच्या आसपास शिवारातून त्यांची साद ऐकू येते, कारण त्याच सुमारास सातभाईंची घरटी भरू लागतात. छताची घरटी करणारे घाटातील शेजारी या दोघांचे नेहमीचे यजमान नाहीत. शास्त्रज्ञांना जो भेद करावयास दीड शतक लागले तो कोकीळ कुलातील या दोन पक्ष्यांना पोटासाठी आधीच कळला होता.

महाविद्यालयीन नोंदी आणि मराठी नावे

या साऱ्याचा आपल्या कामाशी संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. संबंध थेट आहे. वर उल्लेखिलेल्या जाती एकूण दहा. सालिम अली-रिप्ले यांच्या ग्रंथानुसार त्यांपैकी नऊ मस्किकॅपिडीत आणि चष्मेवाला झोस्टेरॉपिडीत, म्हणजे कुले दोन. आजच्या सूचीनुसार त्याच दहा जातींची कुले सात. आता एखाद्या विद्यार्थ्याने १९८० च्या सुमाराची स्थानिक पक्षिसूची आणि स्वतःची नवी सूची यांची कुलनिहाय तुलना केली, तर परिसरातील कुलांची संख्या साडेतीन पटींनी वाढल्याचे दिसेल आणि 'जैवविविधतेत लक्षणीय वाढ' असा निष्कर्षही निघेल. प्रत्यक्षात एकही नवा पक्षी आलेला नाही. उलट त्या काळात माळरान नांगरले गेले असेल आणि दोन जाती नाहीशाही झाल्या असतील; तरी कुलांचा आकडा वाढलेलाच दिसेल. प्रकल्पांच्या कोष्टकांतून कुलनिहाय टक्केवारी देण्याची आवड आपल्याकडे फार आहे, म्हणून हा धोका किरकोळ नाही.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये अस्तित्वात आला, त्यात कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान समाविष्ट झाले आणि २०१२ मध्ये या परिसरास जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. त्यामुळे येथील जुन्या-नव्या नोंदींची तुलना पुढील काळात वारंवार होणार आहे. प्रत्येक सूचीच्या आरंभी ती कोणत्या वर्गीकरणानुसार व त्याच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीनुसार केली आहे हे एका वाक्यात लिहिणे आणि तुलना करताना दोन्ही सूची जातीच्या पातळीवर आणून आधी एकाच वर्गीकरणात बसविणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. संग्रहालयातील जुन्या चिठ्ठ्या मात्र काढून टाकू नयेत. त्यांच्या शेजारी नवी चिठ्ठी लावावी. जुनी चिठ्ठी हाही इतिहासाचा पुरावा असतो.

मराठी नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शेतकरी सातभाई म्हणतो तो थव्याने राहणाऱ्या, गलका करणाऱ्या अर्ग्या प्रजातीच्या पक्ष्यांना. घाटातील जमिनीवरच्या शीळ घालणाऱ्या पक्ष्याला किंवा माळावरच्या पिवळ्या डोळ्याच्या पक्ष्याला तो सातभाई म्हणत नाही. लोकांचा हा शब्द मर्यादित होता आणि जनुकीय पुराव्याने पाहता अचूकही होता. पक्ष्यांविषयीच्या मराठी पुस्तकांतून आणि याद्यांतून इंग्रजी 'बॅबलर'ला प्रतिशब्द म्हणून 'सातभाई' योजला गेला. मग 'अमुक डोळ्यांचा सातभाई', 'तमुक गळ्याचा सातभाई' अशी नावे तयार झाली आणि इंग्रजीतील अडगळीची खोली जशीच्या तशी मराठीत आली. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'साठी बोलीभाषांतील नावे गोळा करण्याचे जे परिश्रम घेतले, त्यामागील दृष्टी येथे मार्गदर्शक ठरावी. 'वटवट्या' या शब्दाचीही हीच गत आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या व होत आहेत. अनेक ठिकाणी या कामात महाविद्यालयांचे प्राध्यापक व विद्यार्थी सहभागी असतात. गावकऱ्याने 'सातभाई' असे सांगितले असता नोंदवहीत 'बॅबलर, कुल टिमॅलिइडी' असे लिहिले जाते. तेथे अर्ग्या प्रजातीतील नेमकी जाती विचारून व शक्य तर प्रत्यक्ष पाहून लिहावी. उरलेल्या पक्ष्यांच्या स्थानिक नावाचा रकाना केवळ भरावयाचा म्हणून पुस्तकातील नावाने भरू नये. जावळी, पाटण आणि शिराळा तालुक्यांतील डोंगरवाड्यांत जंगलाशी आयुष्यभर संबंध आलेली वयोवृद्ध माणसे अद्याप आहेत. पोमॅटोऱ्हिनसचा घुमणारा आवाज आणि पेलॉर्नियमची शीळ ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवावी आणि ते जे नाव सांगतील ते, वाडीचे नाव व तारखेसह, त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावे. नाव मिळाले नाही तर रकाना कोरा ठेवावा.